साक्षीदार नंबर तीन

आमच्या घरी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तीत जमिनीचे उतारे, वडिलांच्या वेळच्या तंबाखू विक्रीच्या पावत्या आणि आईची बोरमाळ ठेवलेली आहे. बोरमाळेला अजूनही सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर कानडीत ‘मुद्देमालु’ एवढा एकच शब्द आणि खाली खटल्याचा नंबर. आईला कानडी बोलता येत असे, वाचता येत नसे. ती म्हणे, “माझ्याच दागिन्याला सरकारनं दुसरं नाव ठेवलं बघ.”

ही चिठ्ठी कशी आली ते आधी सांगायला हवे. 1978 च्या वैशाखातली गोष्ट. आमचे गाव निपाणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तंबाखूचे पैसे नुकतेच हाती आले होते, आणि ते घरातच आहेत हे कोणाला तरी ठाऊक असावे. रात्री चौघे आत शिरले. थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, आडवे गेले तेव्हा त्यांच्या उजव्या हातावर कुऱ्हाडीचा तुंबा बसला. पैसे गेले, आईच्या गळ्यातली बोरमाळ गेली. आबांचा हात पुढे कधीच नीट वर उचलला नाही. तंबाखूचे बोद उचलणारा तो माणूस उरलेले आयुष्य ओट्यावर बसून राहिला. दवाखान्यासाठी दुभती म्हैस विकावी लागली.

पुढे दोन महिन्यांनी माणसे सापडली, बोरमाळही सापडली. आम्हाला वाटले, आता न्याय होईल. आईला कोर्टाचे बोलावणे आले. ती सहा वेळा गेली. पाच वेळा तारीख पुढे ढकलली गेली, सहाव्या वेळी पट्टेवाल्याने पुकारा केला, “साक्षीदार नंबर तीन!” आईने जे मराठीत सांगितले ते कानडीत उतरवले गेले. तिने सही केली. 1981 साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. हे आम्हाला कोर्टाकडून कळले नाही. निपाणीच्या बाजारात एका ओळखीच्या माणसाने अण्णांना सांगितले. आईने वकिलांना विचारले, “वर जाता येत नाही का?” ते म्हणाले, “वर जायचे की नाही ते सरकार ठरवील, काकी. तुम्ही साक्षीदार.” बोरमाळ घरी यायला पुढे आणखी पाच वर्षे आणि किती अर्ज गेले, ते मोजलेले नाही.

मी हे कोणावर ठपका ठेवण्यासाठी सांगत नाही. त्या कोर्टातल्या कोणी आमच्याशी वाईट वागणूक केली नाही. त्या वेळचा कायदाच तसा होता. ज्याचे घर फुटले, ज्याचा हात गेला, तो खटल्याच्या कागदावर फक्त एक नंबर. असे का होते, ते कधीपासून झाले आणि आता किती बदलले आहे, हे समजून घेण्यात माझी निवृत्तीनंतरची काही वर्षे गेली. त्याचाच हा वृत्तांत.

*

आपण सीमाभागातले लोक शब्दांच्या बाबतीत श्रीमंत. एकाच गोष्टीला घरात एक शब्द, कचेरीत दुसरा. पण ‘फिर्याद’ हा शब्द दोन्हीकडे एकच. मराठी पोलीस पाटीलही तो वापरी आणि कानडी ठाण्यातही ‘फिर्यादी’च लिहितात. हा शब्द फारसीतून आला. मुळात त्याचा अर्थ कागदावरची तक्रार असा नाही. संकटात सापडलेल्याने मदतीसाठी मारलेली हाक, आक्रोश, असा आहे. हाक मारली की कोणीतरी धावून येणे अपेक्षित असते. नुसती नोंद होणे नव्हे.

हाकेला कोण बांधलेला, या प्रश्नाचे फार जुने उत्तर आपल्याच मुलखात सापडते. बाराव्या शतकाच्या आगेमागे, कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ती कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. आपल्याला मिताक्षरा आठवते ती वारसाहक्काच्या दाव्यांत, पण याज्ञवल्क्याने चोरीबद्दल जे सांगितले आहे तेही तीत आहे. चोराने नेलेले धन राजाने प्रजेला परत द्यावे, आणि दिले नाही तर ते पाप राजाच्या माथी. गावात खून किंवा चोरी झाली आणि चोराचा माग गावाबाहेर गेलेला दिसला नाही, तर दोष गावच्या मुखियाचा. कल्पना सरळ आहे. रक्षण करतो म्हणून कर घेतोस ना, मग रक्षण झाले नाही तर भरून दे.

हे केवळ पोथीतले नव्हते. पेशवाई गेल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावाच्या जबाबदारीची हीच पद्धत वर्णिली आहे. चोरी झाली की गावच्या राखणदाराने माग काढायचा. घाटमाथ्यावर हे काम रामोशाचे, आपल्या भागात बेरडाचे आणि तळवाराचे. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली केला की आपले गाव सुटले. माग गावातच विरला तर गावाने भरपाई द्यायची. मराठेशाहीच्या कागदपत्रांत खुनाबद्दल मारलेल्याच्या घरच्यांना जमीन किंवा वतनातला हिस्सा तोडून देऊन वैर मिटवल्याच्या नोंदीही सापडतात.

तेव्हाचे सगळे चांगले आणि आताचे सगळे वाईट, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो टाळलेला बरा. त्या व्यवस्थेत हाक कोणाची ऐकली जाईल हे जात ठरवी. दुबळ्याला दिव्य करायला लावत, म्हणजे तापलेले लोखंड उचलून खरे-खोटे ठरवत. आणि गावाच्या अब्रूच्या नावाखाली सगळ्यात अधिक भोगावे लागे ते बाईला. भरपाई होती, पण ती हक्क म्हणून सर्वांना नव्हती. एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

*

1818 साली बेळगाव इंग्रजांकडे गेले. 1827 मध्ये मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनचे कायदे आले, 1860 चा दंडविधान आणि 1861 ची फौजदारी कार्यपद्धती यांनी सगळ्या देशाला एक चौकट घातली. गुन्हा आता व्यक्तीविरुद्ध राहिला नाही, तो सरकारविरुद्ध झाला. खटल्याचे नावच ‘सरकार विरुद्ध अमुक’.

यात मोठा फायदा होता, हे कबूल केले पाहिजे. गरिबाच्या घरी चोरी झाली तरी खटला सरकार चालवणार. सूड, भाऊबंदकी, धाकदपटशा यांना आळा बसणार. सावकाराने दाबले म्हणून फिर्याद विरणार नाही, निदान विरू नये. पण त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली. फिर्याद सरकारने उचलली आणि फिर्यादी मोकळ्या हाताने मागे राहिला. दंड वसूल झाला तर तो सरकारजमा. 1898 च्या फौजदारी कार्यपद्धतीत कलम 545 होते. दंडातून नुकसान सोसलेल्याला काही रक्कम देण्याचा अधिकार कोर्टाला होता. 1973 च्या नव्या कायद्यात तेच कलम 357 म्हणून अधिक रुंद होऊन आले. पण कलम पुस्तकात राहिले. आबांच्या हाताची भरपाई मागता येते हे आम्हाला 1978 साली कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी उपयोग नव्हता, कारण आरोपी सुटले आणि त्या कलमाचा दोर शिक्षेला बांधलेला होता. शिक्षा नाही तर भरपाई नाही. चोर सापडला नाही तरी राजाने द्यावे, हे याज्ञवल्क्याचे म्हणणे मध्ये कुठेतरी गळून पडले होते.

स्वातंत्र्यानंतर घटना आली. तिच्या विसाव्या आणि बाविसाव्या कलमांनी आरोपीला संरक्षण दिले. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावायचे नाही, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. हे फार मोलाचे आहे. परक्या सरकारच्या तुरुंगांचा अनुभव घेतलेल्या पिढीने ते लिहिले. त्यात काडीचाही फेरफार व्हावा असे मला वाटत नाही. पण फिर्यादीचे काय, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या डोळ्यांपुढे आला नाही.

*

तो प्रश्न जगातही उशिराच आला. इंग्लंडमध्ये मार्जरी फ्राय या तुरुंगसुधारणेसाठी झटलेल्या बाईंनी आयुष्याच्या अखेरीस तो मांडला. कैद्यांसाठी जन्मभर काम केलेल्या बाईने गुन्ह्याला बळी पडलेल्यांची बाजू घ्यावी, यात मला विरोध दिसत नाही, उलट सुसंगती दिसते. 1963 साली न्यूझीलंडने गुन्ह्यात जखमी झालेल्यांना सरकारी भरपाई देण्याचा कायदा केला, 1964 मध्ये ब्रिटनने योजना आणली.

मग 29 नोव्हेंबर 1985 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक जाहीरनामा संमत केला. गुन्ह्याला आणि सत्तेच्या गैरवापराला बळी पडलेल्यांसाठी न्यायाची मूलतत्त्वे, असा त्याचा विषय. त्यात चार गोष्टी आहेत. एक, न्यायापर्यंत पोहोचण्याची वाट आणि तेथे सन्मानाची वागणूक. दोन, गुन्हेगाराने नुकसान भरून देणे. तीन, ते पुरेसे मिळत नसेल तर सरकारने भरपाई देण्याचा प्रयत्न करणे. चार, औषधपाणी, मनाला धीर, कायद्याची मदत. गुन्हेगार सापडला की नाही, त्याला शिक्षा झाली की नाही, यावर पीडिताचे पीडितपण अवलंबून नाही, असेही तो सांगतो. आणि पीडित कोणाला म्हणावे? ज्याला इजा झाली तो, त्याचे जवळचे कुटुंब, आणि संकटात सापडलेल्याला वाचवायला मध्ये पडताना ज्याला इजा झाली तोही. हे वाक्य वाचले तेव्हा मला आबा आठवले. ते आडवे गेले होते.

1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या आठव्या कलमाने, हक्क मोडला गेला तर परिणामकारक दाद मिळण्याचा हक्क आधीच मान्य केला होता. भारताने 1979 साली ज्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर शिक्कामोर्तब केले, त्यातही तो आहे. 1985 च्या जाहीरनाम्याने एवढेच केले की, हा हक्क चोरी झालेल्या घरातल्या बाईपर्यंत आणून पोहोचवला. तोवर मानवी हक्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोठडीतला माणूस येई. तो यायलाच हवा. पण माझ्या मते दोघांचे हक्क एकाच खोडाच्या फांद्या आहेत. सरकारने माणसाला वस्तू समजू नये, हे ते खोड.

*

जाहीरनामे कागदावर होतात, पण कोर्टात पोहोचायला त्यांना वर्षे लागतात. कर्नाटकचे माजी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. मळीमठ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2003 साली फौजदारी न्यायव्यवस्थेवर अहवाल दिला. तिच्या काही शिफारशींवर, विशेषतः आरोपीच्या बाबतीतल्या, बरीच टीका झाली, आणि ती अस्थानी नव्हती. पण पीडिताला खटल्यात स्थान द्या, भरपाईचा कायदा करा, ही तिची मागणी खरी होती.

31 डिसेंबर 2009 पासून फौजदारी कार्यपद्धतीत दुरुस्ती अमलात आली. ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या कायद्यात प्रथमच आली. कलम 357-अ नुसार प्रत्येक राज्याने भरपाईची योजना करायची. आरोपी सुटला तरी, किंवा सापडलाच नाही तरी, पीडिताला भरपाई मागता येईल. म्हणजे गळून पडलेले ते जुने तत्त्व नऊशे वर्षांनी परत आले, आणि या वेळी जात न विचारता आले. कर्नाटकाची योजना 2011 ची, महाराष्ट्राची 2014 ची. त्याच दुरुस्तीने पीडिताला आरोपीच्या सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क दिला.

या अपिलाच्या हक्काची कसोटी लागली ती आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या एका खटल्यात. फेब्रुवारी 2009 मध्ये एका माणसावर हल्ला झाला. 2013 साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. त्या माणसाने अपील केले तेव्हा उच्च न्यायालयाने सांगितले की, गुन्हा 31 डिसेंबर 2009 च्या आधीचा, तेव्हा हा हक्क तुम्हाला नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. वाट पाहता पाहता वारला. त्याच्या वारसांनी खटला चालवला. 12 ऑक्टोबर 2018 रोजी निकाल लागला. गुन्हा कधीचाही असो, सुटकेचा निकाल त्या तारखेनंतरचा असेल तर पीडित परवानगी न मागता अपील करू शकतो. न्या. मदन लोकूर यांनी त्या निकालात पीडितांच्या हक्कांकडे आपल्याकडे अधूनमधूनच लक्ष गेले याची खंत नोंदवली आणि 1985 च्या जाहीरनाम्याचा आधार घेतला.

आईचा प्रश्न 1981 चा. उत्तर 2018 साली, एका मेलेल्या माणसाच्या नावावर, आले. आई त्याआधीच गेली होती.

*

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो.

निपाणीहून बेळगावला एस.टी.ने जाताना संकेश्वर मागे पडते, यमकनमर्डी जाते, वंटमुरीचा घाट लागतो, मग काकती. काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्माचे जन्मगाव. या रस्त्याने आपण लग्नांना, दवाखान्यांना, कोर्टकचेऱ्यांना किती वेळा गेलो असू! याच वाटेजवळच्या होसवंटमुरी गावात 11 डिसेंबर 2023 च्या अपरात्री एका बाईला घरातून ओढून बाहेर काढण्यात आले. तिचा मुलगा गावातल्या मुलीबरोबर निघून गेला होता, एवढेच निमित्त. तिला विवस्त्र करून फिरवले, खांबाला बांधले, मारले. त्या वेळी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते.

दुसऱ्याच दिवशी कर्नाटक उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. खंडपीठावर होते मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न भालचंद्र वराळे आणि न्या. कृष्ण दीक्षित. वराळे हे मूळ निपाणीचे, 1962 साली तेथेच जन्मलेले. जानेवारी 2024 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानेही स्वतःहून दखल घेतली. तपास राज्याच्या सी.आय.डी.कडे गेला, ठाण्याच्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली.

या प्रकरणात न्यायालयाने जे केले त्यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली. ती बाई दवाखान्यात असताना भेटायला येणाऱ्या पुढाऱ्यांची आणि मंडळांची रीघ लागली. न्यायालयाने शनिवारी खास बैठक घेऊन त्यांना आवरले. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय भेटायला जायचे नाही. सांत्वनाच्या नावाखाली पुन्हा पुन्हा तीच कहाणी वदवून घेणे ही दुसरी इजा आहे, हे एवढ्या स्पष्टपणे कोणी म्हटले नव्हते.

दुसरी. सरकारने तिला पाच लाख रुपये आणि दोन एकरांहून थोडी अधिक जमीन देण्याचे जाहीर केले. आरोपींना शिक्षा होण्याची वाट पाहिली नाही. कानडीत भरपाईला ‘परिहार’ म्हणतात. आपण परिहार म्हणजे निरसन, दूर करणे असे समजतो. दोन्ही अर्थ एकत्र वाचावेत असे मला वाटते. पैशाने झालेले पुसले जात नाही, पण पुढच्या दिवसाची काळजी थोडी दूर होते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. हे घडत असताना बघणारे पन्नास-साठ लोक होते. मध्ये पडण्याचा प्रयत्न करणाऱ्याला मार बसला, बाकीचे उभे राहिले. न्यायालयाला याचेच अधिक दुःख झाले. भर सभेतल्या द्रौपदीची त्यांनी आठवण काढली. गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या काळात गुन्ह्याबद्दल सगळ्या गावाला दंड बसत असे, याचा दाखला देऊन, गप्प राहणाऱ्या गावाकडून सामूहिक दंड वसूल करण्याचा विचार व्हावा असे सुचवले.

यावर मी खूप विचार केला. सामूहिक दंडात निरपराधही भरडला जातो. त्या रात्री जो गावात नव्हता, जी म्हातारी दार लावून थरथरत बसली होती, त्यांनी का भरावे? शिवाय त्या बाईचा छळ तरी कशातून झाला? मुलाच्या कृत्याबद्दल आईला जबाबदार धरण्यातून. सामूहिक जबाबदारीचीच ती विकृत बाजू. म्हणून दंडाबद्दल माझे मत अजून डळमळीत आहे. पण दंडामागचा प्रश्न डळमळीत नाही. माग शिवेबाहेर गेला नाही तर गाव बांधलेले, असे आपले पूर्वज चोरीच्या भांड्यांसाठी मानत होते. बाईच्या अब्रूसाठी आपण तेवढेही मानणार नाही काय?

कानडी वर्तमानपत्रे त्या दिवसांत तिला ‘संत्रस्ते’ म्हणत होती. गुन्हा ज्याच्यावर झाला त्याला कानडीत संत्रस्त म्हणतात. मराठीत आपण पीडित म्हणतो, आणि संत्रस्त म्हणजे भयाने, त्रासाने गांजलेला. शेजारच्या भाषेतला शब्द आपल्या शब्दापेक्षा अधिक खरा वाटावा, असे क्वचित होते. तेव्हा झाले.

*

वाचकांपैकी अनेकांना कधी ना कधी ठाण्याची किंवा कोर्टाची पायरी चढावी लागेल. म्हणून जे समजले ते सांगून ठेवतो.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी कार्यपद्धतीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. कागल आणि निपाणी यांच्यामध्ये कोगनोळीचा नाका आहे, म्हणून ‘तिकडे जा’ असे आता कोणी सांगू शकत नाही. तपास मात्र गुन्हा जेथे घडला त्या ठाण्याकडे जातो, आणि भरपाईची योजनाही गुन्हा जेथे घडला त्या राज्याचीच लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत पोलिसांनी पीडिताला कळवायचे आहे. खटला मागे घ्यायचा तर आधी पीडिताचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. भरपाईसाठी कलम 396 आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. बाया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तेथे उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो.

भाषेबद्दल आपल्या भागात फार गैरसमज आहेत. घटनेचे कलम 350 सांगते की, आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. साक्ष ज्या भाषेत नोंदली ती साक्षीदाराला कळत नसेल, तर कळणाऱ्या भाषेत त्याला ती समजावून सांगितली पाहिजे, आणि काही चुकीचे वाटले तर त्याचा आक्षेप नोंदला पाहिजे. हा कायदा 1978 सालीही होता. आईला तो ठाऊक नव्हता, म्हणून तिने मागितला नाही. यात मराठी-कानडीचा वाद नाही. कोल्हापूरच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या कानडी बाईलाही हाच हक्क आहे, आणि तिच्यासाठीही आपण तो मागितला पाहिजे.

आणि मुद्देमाल. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमती जिनसा कोर्टात अडकवून ठेवू नयेत. पंचनामा करून, फोटो काढून, जामीन घेऊन त्या लवकर मालकाला द्याव्यात. नव्या संहितेने त्याला दिवसांची मुदतही घातली आहे. कायद्यात लिहिले म्हणजे सगळीकडे तसे घडते, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. पण मागायचे काय हे ठाऊक असलेला माणूस आणि ठाऊक नसलेला माणूस, यांना कचेरीत वेगवेगळी उत्तरे मिळतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

गेल्या वर्षी माझ्या नातीने ती पेटी उघडली. चिठ्ठी वाचून म्हणाली, “आजोबा, हे काढून टाकू का? माळ छान आहे.” तिला कानडी वाचता येते, शाळेत शिकली आहे. मी म्हटले, माळ घाल, पण चिठ्ठी पेटीतच राहू दे. मग तिला आबांची गोष्ट सांगितली, आईच्या सहा तारखांची सांगितली आणि घाटापलीकडच्या त्या बाईची, नाव न घेता, सांगितली. तिने विचारले, “बघत उभे राहिलेल्यांपैकी कोणी नंतर तिची माफी मागितली का?”

मला उत्तर देता आले नाही. कायद्याने फिर्यादीला नंबरातून बाहेर काढायला दीडशे वर्षे घेतली. बघणाऱ्याने एक पाऊल पुढे टाकायला कायद्याची वाट पाहावी लागू नये.